एर्मेलिंदाची साक्ष

एर्मेलिंदा आणि मी एकाच वर्गात शिकलो. ती पहिल्या बाकावर बसायची, मी शेवटच्या. पुढे ती आमच्या वाल्देरोझा गावाच्या शाळेत मुलांचं जेवण रांधायला लागली आणि मी गावातून शहरात जाणारी बस चालवायला लागलो. या गोष्टीला आता तीस-बत्तीस वर्षं झाली. माझी बस फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी जाते, तिची चूल मात्र शाळा असेपर्यंत रोज पेटते, त्यामुळे कष्ट कुणाचे जास्त यावर ती मला कधीच बोलू द्यायची नाही.

ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. नवरा लवकर गेला, मुलगा फ्रान्समध्ये लियॉनला घरं रंगवतो. आणि तिचा आवाज! जेवण तयार झालं की ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मुलांना एकेकाचं नाव घेऊन हाका मारायची, तेव्हा खालच्या गिरणीतला माणूसही स्वतःचा डबा उघडायचा. देवाशीही ती अशीच बोलायची, शेजारणीशी कुंपणावरून बोलावं तशी. आदर होता, पण भिडस्तपणा नव्हता.

आमच्या चर्चच्या मागे सिस्टर दोरोतेयाची कबर आहे. युद्धाच्या काळात, रेशनवर पाव मिळायचा त्या दिवसांत, या सिस्टरने कॉन्व्हेंटचं सगळ्यांत मोठं पातेलं शाळेत आणून ठेवलं आणि कोबीचं सूप करून पोरांना वाढायला सुरुवात केली. माझी आई त्या सुपावर वाढली. सिस्टर अठ्ठेचाळीस साली वारली. गावाच्या लेखी ती तेव्हापासूनच संत आहे. रोमच्या लेखी अजून नाही, कारण रोमला चमत्कार लागतो, तोही तपासून घेतलेला. चाळीस वर्षं गाव त्या एका चमत्काराची वाट बघत होतं. ऑगस्टमध्ये फ्रान्स-लक्झेंबर्गहून आमची माणसं सुट्टीला येतात, कबरीवर मेणबत्त्या लावतात आणि विचारतात, "अजून काही नाही?" आणि आम्ही म्हणतो, "अजून काही नाही," जसं काही सिस्टरनेच आळस केलाय.

आमचा सरपंच आर्मिंदो तर तयारीतच होता. शिक्षकांची जुनी चाळ दुरुस्त करून त्याने आठ खोल्यांचं अतिथिगृह बांधायला काढलं होतं. भाविक येणार, त्यांना राहायला जागा नको? भाविक यायचे होते, खोल्यांना रंग आधीच लागला होता.

त्या वर्षी जानेवारीत एर्मेलिंदाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. थायरॉइडची गाठ होती. गाठ साधी निघाली, पण ती शुद्धीवर आली तेव्हा आवाज गेलेला. सर्जनने सांगितलं, आवाजाच्या नसेला धक्का बसलाय. परत येईल, कदाचित येणारही नाही, वर्षभर वाट बघा. गावात हीच गोष्ट पोचता पोचता 'डॉक्टरांनी हात टेकले' अशी झाली. कुणी खोटं बोललं असं नाही. प्रत्येकाने थोडं थोडं मीठ घातलं, एवढंच.

ती घरी आली ती सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी असा आवाज घेऊन. शाळेत अकरा मुलं. ती कुजबुजायची म्हणून मुलंही तिच्याशी कुजबुजत बोलायला लागली. शाळेच्या बाई म्हणाल्या, इतकं शांत जेवण मी उभ्या नोकरीत बघितलं नाही. एर्मेलिंदाला मात्र ती शांतता खायला उठायची. भांडी घासून झाली की ती रोज सिस्टरच्या कबरीपाशी जाऊन बसायची.

"काय मागतेस गं तिच्याकडे?" मी एकदा विचारलं.

"आवाज," ती कुजबुजली. "दुसरं काय मागू? कंबर?"

फेब्रुवारीपासून ती दर मंगळवारी मुलांना जेवू घालून बसने शहरात यायला लागली. गावात सांगितलं होतं की मावसबहिणीकडे जाते. पण बहीण राहते बाजाराच्या मागे, आणि ही उतरायची सरकारी दवाखान्यापाशी. तिसऱ्या मंगळवारी मी म्हटलं, "बहिणीने घर बदललं का?"

तिने मागे बघितलं. बसमध्ये शेवटच्या सीटवर एक म्हातारा झोपला होता. मग तिने माझ्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. दवाखान्यात आवाजाचे व्यायाम शिकवणारी जागा चार वर्षं रिकामी होती. ती आत्ता भरली. नोएमी नावाची पंचविशीतली मुलगी आली होती, आणि तिची वेळ फक्त मंगळवारी असायची. ती एर्मेलिंदाला पेल्यातल्या पाण्यात नळी घालून फुंकायला लावायची आणि फुंकता फुंकता गुणगुणायला सांगायची.

"साठीला आलेली बाई मी, आणि बसून बुडबुडे काढते," ती म्हणाली. "गावात कळलं तर आर्मिंदो मला जत्रेत तिकीट लावून बसवेल. तू कुणाला बोलायचं नाहीस."

मी शब्द दिला. आणि पाळला. पुढे त्याच शब्दाने मला अडचणीत आणलं.

मार्च गेला, चेरीची फुलं आली आणि गेली. बुडबुडे चालूच होते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार मला लख्ख आठवतो. संध्याकाळी मी चौकात बस थांबवली. ती पायरीवरून उतरली, मागे वळली आणि म्हणाली, "येते रे अनिबाल. बस सरळ लाव, मागचं चाक गटारात चाललंय."

मी ब्रेकवरचा पाय काढायचाच विसरलो. आवाज फाटका होता, पण आवाज होता. तिने लगेच ओठांवर बोट ठेवलं आणि परत पायरी चढून आत आली.

"आज दवाखान्यातच आला. नोएमी टाळ्या वाजवत सुटली. पण अजून कुणाला सांगू नकोस. शाळा उघडेल त्या दिवशी मुलांना हाका मारणार आहे मी. आणि समज, उद्या परत गेला तर? मग लोक दोनदा कीव करतील. एकदाची पुरे झाली."

त्यानंतर चार दिवसांनी पंधरा ऑगस्ट आला, आमच्या मारियामातेचा सण. मिरवणूक निघाली. लहान मुलींना देवदूत करतात, पुठ्ठ्यावर खरी पिसं चिकटवून पंख लावतात. मिरवणूक संपली की सगळं गाव सिस्टरच्या कबरीपाशी जमतं. तिथे जमिनीवर ओळीने मेणबत्त्या. गर्दी इतकी की पाय ठेवायला जागा नाही. बेनेदिता नावाची सहा वर्षांची पोर, शाळेतली सगळ्यांत धाकटी, मेणबत्त्यांपाशी काहीतरी बघायला वाकली. तिची आई दुसरीकडे तोंड करून फोटो काढत होती. पंखाचं टोक ज्योतीवर गेलं.

"बेनेदिता! पंख! पोरीचा पंख पेटलाय!"

तो आवाज भिंतीवर आदळून परत आला. सरपंचाची बायको झुल्मिरा पोरीच्या सगळ्यांत जवळ होती. तिने एका झटक्यात पंख ओढून काढले, खाली टाकले आणि चपलेने तुडवले. पोरीला चटकासुद्धा बसला नाही. ती रडत होती ती पंख गेले म्हणून.

 तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "लिंदा ओरडली. लिंदाला आवाज आला!"

मग काय विचारता. बायका गुडघ्यांवर बसल्या. कुणी घंटेकडे धावलं. बँडवाल्यांना काय वाजवावं कळेना, त्यांनी जे येतं ते वाजवलं. फादर कुस्तोदियोंचा चेहरा पांढरा पडला होता. या सगळ्यात एर्मेलिंदा हात हलवून म्हणत होती, "अरे, थांबा! ऐका तर खरं!" सात महिन्यांनी तिला आवाज मिळाला होता आणि कुणी ऐकत नव्हतं.

मी तिच्यापासून दहा पावलांवर उभा होतो. मला माहीत होतं. तरी मी बोललो नाही. खरं सांगायचं तर मला तेव्हा फार बरं वाटत होतं. माझेही डोळे भरून आले होते आणि मला ते पुसायचे नव्हते.

महिन्याभरात बिशपच्या कचेरीतून पत्र आलं. चौकशी समिती नोव्हेंबरमध्ये येणार, साक्षी घेणार. वर्तमानपत्रात एर्मेलिंदाचा फोटो छापून आला, हातात पळी. लक्झेंबर्गहून फोनावर फोन. आर्मिंदोने अतिथिगृहाच्या दारावर पाटीही लावून टाकली. एर्मेलिंदा भेटेल त्याला सांगत होती की आवाज चार दिवस आधी आला होता, व्यायाम करत होते, पण लोक तिच्याकडे असं बघायचे जसं लाजाळू मुलीकडे बघतात. "हिचा नम्रपणा बघा," म्हणायचे.

शुक्रवारी मी शहरातून शाळेसाठी मासळीची पेटी आणतो. एका शुक्रवारी मी पेटी घेऊन आत गेलो तर आर्मिंदो स्वयंपाकघरात बसलेला. एर्मेलिंदा बटाटे सोलत होती.

"मी तुला खोटं बोल म्हणतोय का?" तो म्हणत होता. "विचारतील तेवढंच सांग. ओरडलीस का? ओरडलीस. कुठे? कबरीपाशी. आधी सात महिने आवाज होता का? नव्हता. यात खोटं काय आहे?"

"चार दिवस होता."

"चार दिवस! चार दिवसांचं काय एवढं? जगात सगळं विसरतात लोक, तुला हेच बरं आठवतं."

"माझा गळा आहे, आर्मिंदो. मला नाही आठवणार तर कुणाला?"

"शाळा बंद करायला निघालेत, माहितीये ना? अकरा मुलं. पुढच्या वर्षी नऊ. भाविक आले, गाव जगलं, तर शाळा जगेल. सिस्टरने पोरांसाठी जन्म घालवला. तिला काय आवडेल, विचार कर जरा."

ती सोलायची थांबली. मला वाटलं, आता सुरी फेकते की काय. पण ती शांतपणे म्हणाली, "तेच करतेय. रोज करतेय."

आर्मिंदो उठला आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "मासे ताजे आहेत का रे?" जसं काही तो माशांचीच चौकशी करायला आला होता.

ती फादरांकडेही गेली होती. फादर कुस्तोदियो ऐंशीच्या घरातले. त्यांचं आयुष्य सिस्टरची कागदपत्रं जमवण्यात गेलेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एर्मेलिंदा, मला तू काही विचारू नकोस. मला हे इतकं हवंय की माझ्या सल्ल्यावर माझाच भरवसा नाही. मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन." ती मला म्हणाली, "फादर इतके खरं बोलले ना, की मला रडू आलं."

साक्षीच्या आधीच्या मंगळवारी ती बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर येऊन बसली.

"मी तुझं नाव देणार आहे," ती म्हणाली.

"माझं? मी काय केलं?"

"तू ऐकलंस. मी उतरताना बोलले ते. नोएमी सोडली तर तुझ्याखेरीज कुणी ऐकलं नाही."

"अगं, मला या गावात राहायचंय!"

"मला कुठे जायचंय? लियॉनला? भिंती रंगवायला?"

 वळणं होती, वळणांवर बोलायचं नाही असा माझा नियम आहे. ते कधी कधी सोयीचंही पडतं. शेवटी म्हटलं, "लिंदा, पण तुला स्वतःला काय वाटतं? तो चमत्कार नव्हता?"

"होता की," ती ताडकन म्हणाली. "म्हणून तर. नसता तर मी ते चार दिवस गिळून टाकले असते, कुणाचं काय बिघडलं असतं? पण त्याने जर खरंच केलं असेल, तर माझी लबाडी त्यात कशाला मिसळू? देवाला माझ्या थापेचा टेकू लागत असेल, तर तो आपल्या आर्मिंदोपेक्षाही अडलेला म्हणायचा."

नोव्हेंबरमध्ये समिती आली. बिशपच्या कचेरीतले एक बडे पाद्री, म्हणजे मोन्सिन्योर, एक डॉक्टर आणि लिहून घेणारी एक तरुण नन. चर्चच्या मागच्या खोलीत शेगडी पेटवून बसले होते. माझी साक्ष आधी झाली. मी टोपी हातात घेऊन सांगितलं की चार दिवस आधी ती बोलली होती, मागच्या चाकाबद्दल. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला खात्री आहे?" मी म्हटलं, "डॉक्टर, बत्तीस वर्षांत माझ्या बस लावण्यावर तिच्याशिवाय कुणी बोललेलं नाही." नन खाली मान घालून हसली. मला जायला सांगितलं नाही, म्हणून मी दाराशी बसून राहिलो, आणि त्यामुळे पुढचं मला ऐकायला मिळालं.

एर्मेलिंदा आली ती पिशवी घेऊन. पिशवीतून तिने नोएमीची वही काढली. दर मंगळवारची नोंद, किती सेकंद आवाज टिकला, कसा टिकला. मग तिने पेला काढला, नळी काढली, पाणी मागितलं, आणि त्या तिघांसमोर बुडबुडे काढून दाखवले. मोन्सिन्योर टक लावून बघत होते. मला वाटतं, साक्षी ऐकण्यात केस पांढरे झाले असतील त्यांचे, पण बुडबुडे पहिल्यांदाच पाहिले असतील.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "बाई, अशी नस वर्षभरात आपोआपही बरी होते. व्यायामाने मदत होते. तुम्हाला कल्पना आहे ना, हे सांगितल्यावर आम्ही पुढे काही पाठवू शकत नाही?"

"कल्पना आहे."

मोन्सिन्योरांनी चष्मा काढला. "हे आम्हाला लिहायचं नाहीये, पण विचारतो. तुम्हाला काय वाटतं, काय झालं?"

"चमत्कार झाला," ती म्हणाली.

"पण आत्ताच तर तुम्ही..."

"फादर, मी जानेवारीत सिस्टरकडे आवाज मागितला. फेब्रुवारीत चार वर्षं रिकाम्या जागेवर ती मुलगी आली. देवबिव मानत नाही ती, मला पहिल्याच दिवशी सांगितलं तिने. ती येणार मंगळवारी, आमची बस जाते मंगळवारी. सहा महिने मी गुणगुणले आणि काही झालं नाही. आणि त्या पोरीला हाक मारायच्या चार दिवस आधी झालं. आठवडाभर उशीर झाला असता तर मी तिथे नुसती उभी राहिले असते." ती थांबली. पाणी प्यायली, त्याच पेल्यातलं. "तुमच्या वहीत असा चमत्कार लागतो ज्याला माणसाचा हात लागलेला नाही. माझ्या चमत्काराला पुष्कळ हात लागले. म्हणून तुमच्या कामाचा नसेल. माझ्या कामाचा आहे."

नन लिहायची थांबली होती. मोन्सिन्योर तिला म्हणाले, "लिहून घ्या, सिस्टर. सगळं लिहा."

फेब्रुवारीत उत्तर आलं. प्रकरण बंद. फादर कुस्तोदियोंनी रविवारच्या मिस्सात पत्र वाचलं, कागदाची घडी घातली आणि प्रवचन न करताच खुर्चीवर जाऊन बसले.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. एर्मेलिंदा दुकानात शिरली की बोलणं थांबायचं. एका म्हातारीने तिला तोंडावर 'यहूदा' म्हटलं, येशूला पैशांसाठी विकणारा तो. कॅफेत माझ्या टेबलाशी कुणी पत्ते खेळायला बसेना, माझं पाप तिच्यापेक्षा लहान असूनसुद्धा. लियॉनहून मुलाचा फोन आला, "आई, काय गरज होती तुला?" आर्मिंदोने पाटी उतरवली आणि तिला ओळख दाखवणं बंद केलं. ती रोज कामाला जायची, रोज मुलांना हाका मारायची, रोज कबरीपाशी बसायची. मंगळवारी बसमध्ये बसायची, कारण नोएमीने व्यायाम आणखी काही महिने चालू ठेवायला सांगितले होते.

"चिडलीस का गं गावावर?" मी विचारलं.

"चिडले होते. पण त्यांचं खूप मोठं काहीतरी गेलंय, अनिबाल. माझ्या हातून गेलंय. थोडं बोलणारच."

मार्चमध्ये एका मंगळवारी झुल्मिरा बसमध्ये चढली. सरपंचाची बायको, घरी गाडी असलेली, बसने कशाला येईल? बसमध्ये आम्ही तिघंच. ती सरळ जाऊन एर्मेलिंदाशेजारी बसली. पुढचं मी झुल्मिराच्या परवानगीने सांगतोय.

"अनिबाल, तू ऐकत नाहीयेस," झुल्मिरा म्हणाली.

"मी रस्ता बघतोय."

 घाट सुरू झाला तेव्हा ती बोलायला लागली.

"लिंदा, तुला एक सांगायचंय. आर्मिंदोलाही सांगितलेलं नाही. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, चेस्टनटच्या दिवसांतली. दुपारी मी अंगणात चेस्टनट सोलत बसले होते. आणि एकदम मला वाटलं, तेल्माला फोन कर. आत्ता. लक्झेंबर्गला कामाच्या वेळेत पोरगी कधी फोन उचलत नाही, मला ठाऊक होतं. तरी केला. हात पुसले नाहीत, तसाच केला. तिने उचलला."

"मग?"

"ती पुलावर उभी होती. तो उंच पूल आहे ना त्यांच्याकडे. मागून गाड्यांचा आवाज येत होता. का उभी आहेस, हे मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. पण आईला कळतं गं. माझ्या तोंडून दुसरं काही निघेना, म्हणून मी म्हटलं, तेल्मा, चेस्टनटचं आतलं साल निघत नाहीये, तू कसं काढायचीस? आणि ती सांगायला लागली. मी परत विचारलं. परत सांगितलं. चाळीस मिनिटं आम्ही सालावर बोललो. मग ती म्हणाली, आई, मला थंडी वाजतेय, मी घरी जाते."

झुल्मिराने खिडकीची काच थोडी उघडली.

"आता बरी आहे. डॉक्टरकडे जाते, गोळ्या घेते. पण मला दोन वर्षं हे आत डाचतंय. तो फोन मी केला, की माझ्याकडून कुणी करवला?"

"मला का विचारतेस?" एर्मेलिंदा म्हणाली. "मी तर तुमचा चमत्कार बुडवला."

"म्हणूनच. सगळं गाव 'हो' म्हण म्हणत होतं तेव्हा तू 'नाही' म्हणालीस. फादर मला 'हो' म्हणतील, चांगले आहेत म्हणून. तू 'हो' म्हणालीस तर ते खरं असेल."

आणि मग एर्मेलिंदाने काय केलं असेल? तिने अगदी समितीतल्या डॉक्टरांसारखी चौकशी सुरू केली. फोन किती वाजता केलास? त्या आठवड्यात ती आजारी आहे असं कुणी बोललं होतं का? असं एकदम वाटून तू आणखी कितीदा फोन केलेस, आणि त्यातल्या किती वेळा काही नव्हतं? झुल्मिरा आठवून आठवून, खरं खरं सांगत होती. हो, एकदा भीती वाटून केला होता, तेव्हा ती मजेत सिनेमा बघत होती. नाही, त्या दिवशी भीती वाटली नव्हती. नुसतं वाटलं, आत्ता.

घाट उतरेपर्यंत एर्मेलिंदा विचार करत राहिली. मग तिने झुल्मिराचा हात आपल्या हातात घेतला. "आईचं मन असतंच तसं. त्याचाही वाटा आहे. पण मला वाटतं, त्यात तो होता, वरचा. शपथेवर सांग म्हणाले तरी सांगेन."

झुल्मिरा रडली. दवाखान्यापाशी दोघी बरोबरच उतरल्या आणि मी पुढच्या चौकात बस बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबलो. वेळापत्रकात ती पाच मिनिटं नाहीत.

हळूहळू इतर लोकही यायला लागले. कुणी बसमध्ये, कुणी शाळेच्या मागच्या दाराने. ज्या म्हातारीने यहूदा म्हटलं होतं, तीही आली, आणि तासभर बसली. काय बोलली ते एर्मेलिंदाने मला आजवर सांगितलेलं नाही. प्रत्येकाला ती 'हो' म्हणायची असंही नाही. एव्हारिस्तो नावाचा आमचा शेतकरी तिला रंगवून सांगत होता की पवित्र पाणी शिंपडलं आणि त्याचं आजारी डुक्कर उठून उभं राहिलं.

"जनावरांचा डॉक्टर आला होता ना त्या सकाळी?" तिने विचारलं.

"आला होता. एक सुई देऊन गेला. पण पाणी मी नंतर शिंपडलं!"

"मग त्या डॉक्टरासाठी एक मेणबत्ती लाव."

"तुझ्या चमत्काराला हात लागलेले चालतात, आणि माझ्या डुकराला नाही?"

ती हसत सुटली. "बरं बाबा, डुक्कर माझ्याकडे राहू दे. विचार करून सांगते."

फादर कुस्तोदियो एकदा मला म्हणाले, "अनिबाल, चाळीस वर्षं मी एक चमत्कार शोधत होतो. आता लोक एर्मेलिंदाला आठवड्याला तीन सांगतात." त्यांच्या बोलण्यात थोडी असूया होती, पण ते खुशीत होते. सिस्टरच्या कबरीवर आता फुलंही जास्त दिसतात.

आर्मिंदो अजून तिच्याशी बोलत नाही. मात्र वसंतात चेरीच्या बागांत कामाला दोन कुटुंबं आली, एक ब्राझीलचं आणि एक नेपाळचं. त्यांना राहायला जागा हवी होती आणि त्याच्या रंगवलेल्या खोल्या रिकाम्या होत्या. त्यांची मिळून पाच मुलं. शाळा निदान दोन वर्षं तरी चालणार असं कळलं. नेपाळच्या पोराला कोबीचं सूप आवडत नाही, आणि एर्मेलिंदा ते मनाला लावून घेते.

ईस्टरला नऊ दिवस होते, त्या शुक्रवारी शहरातल्या स्टँडवर एक तिशीची बाई मोठी बॅग ओढत बसपाशी आली. केस कापलेले, चेहरा उतरलेला, पण चाल ठाम. मी तिला ओळखलं, लहानपणी शाळेच्या सहलीत माझ्या बसमध्ये दोनदा ओकली होती. तेल्मा. चार वर्षांनी गावी येत होती.

"अनिबालकाका, ओळखलंत?"

"खिडकीपाशी बस," मी म्हटलं. ती हसली.

एर्मेलिंदा त्या दिवशी ईस्टरचं सामान आणायला आली होती. तिच्या शेजारची जागा रिकामी होती, तेल्मा तिथेच बसली. तिला ठाऊक नव्हतं की शेजारच्या बाईला काय ठाऊक आहे. मी आरशात बघत होतो. एर्मेलिंदाने एकदाही तिच्याकडे रोखून पाहिलं नाही. पिशवीतून ईस्टरचा गोड पाव काढला, अर्धा मोडून तिला दिला आणि विचारलं, "तिकडे अजून बर्फ आहे का गं?"

"वितळतंय," तेल्मा म्हणाली आणि पाव खायला लागली. "किती दिवसांनी खाल्ला हा. लिंदामावशी, आईला मी आज येतेय हे माहीत नाही. रविवारी येणार म्हणून सांगितलंय."

"मग काय, आज संध्याकाळी तुझ्या आईला धावपळ!"

मी गिअर टाकला. घाटात दोन्ही बाजूंना चेरी फुलली होती. मागे त्या दोघी बर्फावरून पावावर आणि पावावरून नेपाळच्या पोरावर आल्या होत्या. बोलणं थांबतच नव्हतं. मी त्या दिवशी वळणं जरा हळूच घेतली.